तिसरं 'नको'

टर्नावा, सस्कॅचवान
मेमधला शेवटचा रविवार

ती. ओडार्काताई हिला,
धाकट्या झेनियाचा वाकून नमस्कार (मनातल्या मनात वाकले आहे, कंबर धरली आहे).

तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचं घोरणं त्या नव्या यंत्राने थांबलं, की आता यंत्रच घोरतं? तुमच्याकडे केलोनाला चेरी फुलून गळूनही गेल्या म्हणे. आमच्याकडे परवापर्यंत गोठ्यामागच्या सावलीत बर्फ होता, पण मी जळत नाही, देवाने ज्याला जे दिलं ते दिलं. आई ठणठणीत आहे. नदीपलीकडे एकटीच आहे, कोंबड्यांशी बोलते, डॉक्टरने दिलेल्या चालायच्या काठीवर वाटाण्याचा वेल चढवणार आहे. बाकी सगळं क्षेम. आता ताई, हातातलं काम खाली ठेव आणि खुर्चीवर बस, कारण गेल्या तीन महिन्यांत जे घडलंय ते उभ्याने वाचण्यासारखं नाही. अक्षर बिघडलंय त्याचं कारणही तेच आहे, चष्मा नव्हे.

पेपरातला तो फोटो तू पाहिलास हे तुझ्या फोनवरून कळलं. टाय मानेमागे, एक बूट गायब, एका दंडाला मुख्यमंत्री आणि दुसऱ्या दंडाला विरोधी पक्षनेत्या लोंबकळताहेत, आणि मध्ये आमचा नेस्टर. खाली छापलंय की नव्या सभापतींनी परंपरेचा मान राखला. तू म्हणालीस, जावईबापूंनी काय छान सोंग केलं गं. ताई, फोटो खरा आहे, ओळ खोटी आहे. नेस्टरने सोंग केलं नव्हतं. पण ते कळायला तुला या माणसाची कारकीर्द मुळापासून सांगायला हवी.

आपल्या टर्नावात 'नको' या शब्दाला किती किंमत आहे ते तुला माहीतच आहे. (का केलोनात राहून विसरलीस? तिकडे म्हणे एकदा नको म्हटलं की ताट खरंच उचलतात. रानटी लोक.) पहिलं 'नको' म्हणजे वळण, दुसरं 'नको' म्हणजे भूक, आणि तिसरं म्हटलं तरच माणसाला खरोखर नको असतं. आता नेस्टर पडला भिडस्त. सहकारी दुकानात खिळे-बिजागऱ्यांच्या काउंटरवर उभं राहून उभं आयुष्य गेलं, त्यात त्याने गिऱ्हाइकाला कधी 'नाही' म्हटलं नाही. खिळा नसला तर घरचा आणून द्यायचा. त्याचं तिसरं 'नको' ओठांवर यायला इतका वेळ लागतो, की तोवर लोक टाळ्या वाजवून मोकळे होतात. बर्फावर दगड सरकवायच्या खेळाचं आपलं मैदान, त्या कर्लिंग रिंकचा अध्यक्ष असाच झाला. सभेत कोणीतरी नाव घेतलं, हा म्हणाला, छे छे, मला नको. परत आग्रह झाला, परत म्हणाला, नको हो, खरंच. मग टाळ्या. नगरपरिषदेवर तसाच गेला. आई तेव्हाच म्हणाली होती, तुझा नवरा म्हणजे नको नको आणि पायलीभर चाखो. मी म्हटलं, आई, तो चाखतही नाही गं, बिचाऱ्याला लोक भरवतात.

मग विधानसभेची निवडणूक आली आणि पक्षाच्या रॉसाबाई आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. रॉसाबाईंचं काम म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांतून उमेदवार हुडकणं, आणि त्या हुडकतात जेवणाच्या टेबलावर. नेस्टर म्हणाला, राजकारण नको. बाईंनी मान डोलावली आणि त्याच्याकडे सफरचंदाच्या गोड पायची बशी सरकवली. नेस्टर म्हणाला, नको, पोट भरलंय. आणि खाल्ली. पुन्हा सरकवली. नको म्हणाला आणि खाल्ली. रॉसाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पर्समधून अर्ज काढला. झाला आमदार. निवडून आला तो कशावर, तर प्रत्येकाच्या दारात जाऊन सांगत होता की माझ्यापेक्षा चांगले लोक आहेत, आणि लोकांना असा विनय आजवर कोणत्याच उमेदवारात दिसला नव्हता. रिजायनाच्या विधानसभेत शेवटच्या बाकावर बसायचा. तीन अधिवेशनांत त्याचं एकच वाक्य नोंदलं गेलं, आणि तेही खिडकी लावून घ्या असं होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. यंदा सरकारने नद्यांवरच्या छोट्या फेरीबोटी बंद करायचं विधेयक आणलं, त्यात आपली टर्नावाची बोट. ताई, तू इथे नाहीस, म्हणून सांगते. ती बोट म्हणजे आईचा दरवाजा आहे. पुलाने फिरून गेलं तर दीड तास, बोटीने गेलं तर सूप गरम राहतं. गेल्या सप्टेंबरात आईच्या छातीत दुखलं, तेव्हा बोटवाला मेट्रो जेवत्या ताटावरून उठला आणि तोंडात घास तसाच ठेवून तिला अलीकडे घेऊन आला, म्हणून आज आपल्याला आई आहे. ती घर सोडायला तयार नाही (बाबांची कबर, कोंबड्या, आणि माझ्या हातचा चहा आवडत नाही, या क्रमाने). नेस्टरने तिच्या अंगणात उभं राहून शब्द दिला, की पक्ष काही म्हणो, मी या विधेयकाच्या विरोधात मत देणार. आई म्हणाली, जावई, तुझं 'नको' म्हणजे पाणी घातलेलं ताक. परत येताना बोटीवर तो सगळा वेळ टोपी हातात घेऊन उभा होता. मी ओळखलं, याला लागलंय.

आणि तो खरंच मुख्यमंत्र्यांकडे गेला आणि सांगून आला. सरकारचं बहुमत काठावरचं; नेस्टर फुटला की विधेयक पडणार. मुख्यमंत्री फार्गसन हे गोड माणूस. ते म्हणाले, नेस्टर, तुझ्या सचोटीचं मला कौतुक आहे. चारच दिवसांत जुने सभापती प्रकृतीमुळे राजीनामा देऊन घरी बसले, आणि सरकारतर्फे नव्या सभापतीसाठी नाव आलं नेस्टरचं. विरोधकांनाही ते पटलं, कारण त्यांना आपलं माणूस खर्ची घालायचं नव्हतं. सभापतीला मत नसतं, ताई. खुर्चीवर बसला की माणूस मुका. बोट बुडवायचा तो बेत होता, आणि वरून हारतुरे.

मी प्रेक्षकांच्या गॅलरीत होते. नाव पुकारलं तसा नेस्टर उठला आणि म्हणाला, नको. सभागृह हसलं. म्हणाला, नको, मला मत द्यायचंय. बाकं वाजायला लागली. तिसऱ्यांदा त्याने तोंड उघडलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, पण टाळ्यांत काही ऐकूच आलं नाही. आता तिथली रीत अशी, की जुन्या काळी राजा सभापतीची मान उडवायचा, म्हणून नव्या सभापतीने घाबरल्याचं सोंग करायचं आणि दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांनी त्याला दंडाला धरून खुर्चीपर्यंत ओढायचं. दोन पावलं लटकं मागे सरायचं, हसायचं, बसायचं. नेस्टरने बाक धरलं. मुख्यमंत्र्यांनी ओढलं, बाक सुटेना (जमिनीला ठोकलेलं आहे, स्क्रू चांगले वापरलेत, नेस्टरने पहिल्याच दिवशी तपासले होते). मग विरोधी पक्षनेत्या बोशमँबाई, दिसायला चिमणीएवढ्या पण माहेर गुरांचं, त्यांनी त्याची बोटं एकेक करून सोडवली. बूट गेला. फार्गसनांच्या कोटाचं बटण माझ्या डोळ्यांदेखत उडालं. आणि सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतंय, म्हाताऱ्या चिटणिसाच्या डोळ्यांत पाणी, की इतकी सुंदर नाखुशी आपण नोकरीत कधी पाहिली नाही. मी वरून ओरडले, नेस्टर, बाक सोडू नकोस. शेजारच्या बाईने माझ्या हातावर थोपटलं आणि मला पेपरमिंट दिलं.

घरी परत येताना मोटारीत मी म्हटलं, राजीनामा दे. तर म्हणतो, एवढं ओढून बसवलंय, आता उठून जायचं म्हणजे वाढलेल्या ताटावरून उठण्यासारखं दिसतं गं. ताई, मी त्याला माझ्या आयुष्यात इतकं कधी बोलले नव्हते. गावानेही सोडलं नाही. कॉफीच्या टेबलावर त्याची नेहमीची खुर्ची कोणीतरी भिंतीला लावून ठेवली आणि म्हणाले, तुला आता मोठी खुर्ची आहे ना. तो उभ्याने कॉफी पिऊन आला. आणि आईकडे जायचं टाळायला लागला, तेव्हा मात्र मला त्याची दया आली. नदीवरचा बर्फ फुटून बोट सुरू झाली तरी मीच एकटी सूप घेऊन जायचे, आणि आई एकच विचारायची, जावई बरा आहे ना. ते 'बरा' ती ज्या सुरात म्हणायची, तो सूर तुला ठाऊक आहे.

मतदान ठरलं गेल्या मंगळवारी संध्याकाळी. आणि त्याच सकाळी आपले रस्तेमंत्री, गिलेस्पी नावाचे, फोटोग्राफर घेऊन टर्नावात हजर. रिकाम्या बोटीचा फोटो हवा होता, की बघा, कोणी वापरत नाही. फोटो पलीकडच्या काठावरून छान येतो म्हणून पलीकडे गेले. पलीकडे काय आहे? आईचं घर. (हे सगळं मला मागाहून मेट्रोने सांगितलं.) आई फाटकात उभी. म्हणाली, या, दोन घास खाऊन जा. मंत्री म्हणाले, नको, आजी, घाई आहे. आईने बोर्श्ट वाढलं, आपलं बिटाचं लाल सूप. मंत्री म्हणाले, नको, खरंच. आईने बटाटा भरलेल्या पेरोगी वाढल्या, वर कांदा, वर साय. मंत्री शहरातले, त्यांना तिसऱ्या 'नको'ची रीत माहीत नाही. दोनदा म्हणून गप्प बसले आणि खात राहिले. फोटोग्राफर तर एकदाही नको म्हणाला नाही. मग कोबीचे रोल, मग खसखशीची वळकटी. मंत्री घड्याळ बघून बोटवाल्याला हाक मारायला उठले, तर बोटवाला त्यांच्याच शेजारी जेवत बसलेला. मेट्रो म्हणाला, साहेब, म्हातारी उठल्याशिवाय आपण उठत नाही. आईसाठी जो माणूस घास तोंडात घेऊन धावला होता, तो मंत्र्यासाठी रोल अर्धा टाकायला तयार नव्हता. आणि आईला त्या दिवशी उठायची मुळीच घाई नव्हती. उठली तेव्हा वारा सुटला होता, आणि वाऱ्यात बोट सोडायची नाही हा नियम खुद्द रस्तेखात्याचाच आहे. पुलापर्यंत पोचवायला शेजारच्याचा धान्याचा ट्रक मिळाला.

इकडे रिजायनात मतदानाची घंटा वाजून वाजून थांबली आणि दारं बंद झाली. मी वर, पेपरमिंटवाली बाई शेजारी (ती रोज येते म्हणे, तिचं घर गरम होत नाही). मोजणी झाली. एकदा मोजलं, परत मोजलं. दोन्हीकडे मतं सारखी. फार्गसन मान वळवून दाराकडे बघताहेत, गिलेस्पींची जागा रिकामी. चिटणीस उठला आणि हळू आवाजात म्हणाला, समसमान झाली तर सभापतींनी निर्णायक मत द्यायचं असतं, आणि प्रथा अशी, की जे चालू आहे ते चालू राहील असंच द्यायचं. काळा झगा, तीन कोपऱ्यांची टोपी, आणि आत आमचा खिळेवाला. नेस्टर उभा राहिला. तिथे म्हणायचं एक मोठं छापील वाक्य असतं, ते त्याला येत नव्हतं असं नाही, मी स्वतः त्याच्याकडून पाठ करून घेतलं होतं. तो फक्त म्हणाला, नको.

एकदाच म्हणाला, ताई. कोणी हसलं नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी आग्रह केला नाही, कोणी बशी पुढे सरकवली नाही. ते 'नको' तिथे तसंच राहिलं, आणि चिटणिसाने ते लिहून घेतलं. मी रडले, लपवत नाही. पेपरमिंटवालीही रडली, तिला काही माहीत नव्हतं तरी.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बोटीने पलीकडे गेलो. मेट्रोने बोट मुद्दाम सावकाश नेली. आई फाटकात उभी होती. नेस्टरने टोपी काढली. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, जेवलास? तो म्हणाला, नाही. एवढंच बोलणं झालं दोघांचं, आणि मग तिने त्याला असं वाढलं की मला माझ्या ताटातला कोबी त्याच्या ताटात गेलेला दिसला.

असो. फार लांबलं. भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला ऊन दे.

तुझी,
झेनिया

ता. क. आईला मी विचारलं, तो मंत्री आहे हे तुला ठाऊक होतं का? ती म्हणते, मला वाटलं विम्याचा माणूस आहे. पण मेट्रो म्हणतो, तिने त्या दिवशी सकाळपासून ईस्टरचा ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधला होता आणि मागच्या चुलीवर तीन पातेली होती. तू फोनवर विचारू नकोस, ती आपल्यावर रुसेल.

ता. क. २. पुढची निवडणूक शरदात आहे. नेस्टरने गावच्या सभेत सांगितलं, मी उभा राहणार नाही. आणि कमाल बघ, गावाने त्याचं पहिल्याच फटक्यात ऐकलं. त्याची खुर्ची भिंतीपासून ओढून त्याला परत तिच्यावर बसवलं आणि सगळे कॉफी प्यायला लागले.

ता. क. ३. काल रॉसाबाई आमच्या स्वयंपाकघरात येऊन गेल्या. नेस्टरशी नव्हतं काम. मी म्हटलं, छे छे, मला कसलं राजकारण, नको. त्यांनी पायची बशी सरकवली. मी दोनदाच नको म्हटलंय, ताई. गुरुवारी त्या परत येताहेत. तर तुझं ते निळं जाकीट, मोठ्या बटणांचं, भाऊजींच्या निवृत्तीच्या समारंभात घातलेलं, ते बुधवारच्या आत पाठव. बाह्या मी उसवून लांब करीन. आणि आईला इतक्यात काही कळवू नकोस, ती काय म्हणेल ते मला पाठ आहे.