चौघांची राखण

रविवार, १० नोव्हेंबर २०१९. दार सुमैर.

पोचलो एकदाचे! मदिनेहून साडेतीन तास, आणि शेवटच्या तासाला रस्ता म्हणावा असं काही नव्हतंच. हुसेनमियाँनी पिकअप अशी हाणली की मागचे रंगाचे डबे गाणी म्हणायला लागले. गाव मात्र बघत राहावं असं आहे. लाल डोंगराला टेकलेली मातीची साठ-सत्तर घरं, वाळून कोळ झालेली खजुराची खोडं, बुजलेली विहीर. माणूस एकही नाही. मुआज म्हणाला, त्याच्या आजोबांच्याही आधी उठलं हे गाव, पाणी आटलं असेल.

काम सोपं. आता इकडे पर्यटक येणार, डोंगर तुडवायची हौस असलेले. त्यांच्यासाठी इथून हमरस्त्यापर्यंत अठरा किलोमीटर पायवाट आखायची, ठरावीक अंतरावर दगडांची रास रचायची आणि वरच्या दगडावर पांढऱ्या रंगाने आकडा घालायचा. एकूण चाळीस राशी. सर्व्हेचं यंत्र पंकजकडे, तो साताऱ्याचा. हुसेनमियाँ दाभोळचा, गाडी आणि स्वयंपाक त्याच्याकडे. मुआज इथलाच, तिशीचा. सौदीकरणात माझी जागा त्याला मिळाली आहे. त्याला काम शिकवायचं आणि चोवीस तारखेच्या विमानाने मी कायमचा घरी.

पंचवीस वर्षं झाली. घमेली उचलायला आलो होतो, सुपरवायझर होऊन चाललो. तक्रार कसली? बायकोने, पद्मजाने, फोनवर सांगितलं की तिने ओटीवर माझी आरामखुर्ची आत्ताच मांडून ठेवली आहे. मुआज मला ‘मुदीर’ म्हणतो, म्हणजे साहेब, आणि वर विचारतो, ‘साहेब, खुर्ची मऊ आहे ना? नाहीतर मी घेत नाही!’ गमतीचा माणूस आहे.

सोमवार, ११ नोव्हेंबर.

नव्या जागेत काम काढायचं तर आधी तिथल्या राखणदाराला सांगावं, ही आमच्या गुहागरकडची रीत. सकाळी वेशीवरच्या सपाट दगडावर गुपचूप मूठभर भात आणि खोबऱ्याची वाटी ठेवली नि गाऱ्हाणं घातलं : बाबा, जो कोणी असशील तो. आम्ही चौघे आलोत. चौघांची राखण कर. एकही कमी होऊ देऊ नकोस.

मागून हुंकार आला. वाटलं, हुसेनमियाँच, थट्टेने. वळलो तर तो लांब चुलीपाशी कांदा कापत होता. नंतर त्याला सगळं सांगितलं तर चिडला. म्हणाला, ‘बालकृष्णा, हितं कोन हाय ता तुला म्हायत नाय. वळख ना पाळख, हाक कशाला मारतंस?’ मी म्हटलं, अरे, शेजारी समजून मारली. तो हसला नाही.

माझे कान लहानपणापासून तिखट. न बघता सांगतो कोण आलं ते. हुसेनमियाँचा डावा पाय घासतो. पंकज टाचांवर चालतो. मुआजच्या चपला फटफटतात. माझ्या उजव्या बुटाचा तळ चिकटवलेला आहे, तो चुंई-चुंई करतो. शिवाय आत येण्याआधी वाळू झाडायला बूट भिंतीवर दोनदा आपटायची मला सवय. पंकज म्हणतो, काका, तुमची तर बेलच वाजते.

बुधवार, १३ नोव्हेंबर.

बावीस राशी झाल्या. हवा सुरेख आहे.

वेशीवरचा भात गेला, खोबरंही खरवडून नेलंय. पंकज म्हणाला, कोल्हा. असेल. दगडाभोवतीच्या वाळूवर ठसे मात्र कसलेच नाहीत.

भर दुपारी चौघे एका ताटाभोवती जेवत बसलो होतो. गल्लीतून पावलं ऐकू आली. चामडी वहाणांची, जड, सावकाश. गावाला पुरता वळसा घालून पुन्हा वेशीकडे गेली. बाकीच्यांना काही ऐकू गेलं नाही. आमच्याकडे राखणदाराला वहाणा वाहतात, तो हद्दीवर फिरून फिरून झिजवतो म्हणतात. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. घरच्यासारखं.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर.

हुसेनमियाँ पाण्याच्या टँकरबरोबर मदिनेला गेला. त्याची बहीण ताजुन्निसा उमऱ्याच्या यात्रेला आली आहे, तिला भेटून परवा परत. जाताना म्हणाला, मी येईपर्यंत पंकजला चुलीजवळ जाऊ देऊ नको, पोरगा पाणीसुद्धा करपवतो.

आम्ही तिघे वाटेवर गेलो. तिसाव्या राशीपाशी मागून चौथी पावलं. डावा पाय घासत. वळून पाहिलं. दगड, ऊन, आणि आमचीच रास.

कोणाला सांगितलं नाही.

शनिवार, १६ नोव्हेंबर.

चाळिसावी रास हमरस्त्याला टेकली. आनंद करायचा दिवस.

मोबाइलला रेंज फक्त दुसऱ्या राशीच्या उंचवट्यावर. तिथे ताजुन्निसाबाईंचा फोन आला. भाई अजून पोचला नाही. टँकरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, वाळल्या नदीपाशी तुमच्या माणसाने गाडी थांबवायला लावली. कोणीतरी नावाने हाक मारतंय म्हणाला, उतरला आणि गावाकडे चालत सुटला. मी खूप हॉर्न वाजवला, त्याने वळून बघितलं नाही.

गावाकडे. म्हणजे आमच्याकडे. कालच दुपारी.

तिघांनी अंधार पडेपर्यंत घरन्‌घर शोधलं.

रविवार, १७ नोव्हेंबर.

मुआज आणि पंकज पिकअप घेऊन पोलीस चौकीवर गेले. हुसेनमियाँ आला तर कोणीतरी हवं म्हणून मी थांबलो. मुआजने माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, मुदीर, दोन तासांत येतो. या वेळी थट्टा नव्हती.

साडेबारा. गल्लीत पावलं. घासणारा पाय. त्याच्या मागे टाचा. त्याच्या मागे चपला, फट फट.

केवढं हायसं वाटलं! तिघांना हाका मारत बाहेर धावलो.

गल्ली रिकामी. पावलं माझ्या दोन्ही बाजूंनी पुढे निघून गेली.

सोमवार, १८ नोव्हेंबर.

दुसऱ्या राशीवर चढलो. दूर पिकअप उभी दिसते. दोन्ही दारं उघडी.

पंकजला फोन लावला. रिंग खाली गावात वाजली, जिथे रेंज नाही. मग पोलिसांना लावायला गेलो तर फोन बंद पडला. चार्जर गाडीत.

कळलं मला. काल रात्रभर आजोबांचं गाऱ्हाणं आठवत होतो. ते शेवटी न चुकता म्हणायचे : हे कामापुरतं रे बाबा. काम झालं की आम्ही मोकळे, तूही मोकळा. मी ते म्हटलंच नाही. मुदत घातली नाही. एकही कमी होऊ देऊ नकोस, एवढंच बोललो, आणि तो बोलल्याप्रमाणे करतो आहे. जो निघतो त्याला परत आणतो.

आज दगडावर भात ठेवला. हात जोडून म्हटलं, काम झालं, मोकळं कर. तीनदा म्हटलं. पद्मजाचं नाव घेतलं.

हुंकार आला नाही.

मंगळवार, १९ नोव्हेंबर.

पहाटे निघालो. आपल्याच हाताने आखलेली वाट, चुकायची नाही. पाच. बारा. तीस. मागे तिघे, बेताचं अंतर ठेवून. मी थांबलो की थांबतात. अडतीस. एकोणचाळीस. पुढे ट्रकचा आवाज ऐकला, खरोखर ऐकला, धावलो —

चाळिसावी रास. पलीकडे वेस. सपाट दगड. कालचा भात गेलेला.

आकड्यावरची धूळ हाताने पुसली. अक्षर माझंच.

मंगळवारच. ऊन डोक्यावर.

दाराला खाट लावली आहे. बूट बाहेर राहिले. आणायला जाणार नाही.

वळसा चालू आहे. पाय. टाचा. चपला.

पद्मजा, खुर्ची आत घे. पावसाआधी —

थांब. चौथा आवाज आहे.

वहाणा नाहीत. हलका. उजवा पाय —

चुंई. चुंई.

गल्लीच्या टोकाला. विहिरीपाशी. आता भिंतीला लागून.

थांबला. बूट भिंतीवर आपटले. दोनदा.

चौघे भरले. मी जर बाहेर उभा आहे, तर आत बसून हे लिहितोय तो —