दिल्ली-दिल्ली

१७ नोव्हेंबर, सोमवार

आजही नाही. फुलकेरिया पाच महिने माझ्या बालवर्गात बसतेय आणि एक शब्द नाही. अंगणात मैत्रिणींशी कुडुखमध्ये, घरच्या बोलीत, अखंड बडबड. वर्गाचा उंबरा ओलांडला की हिंदी सोडाच, कुडुखही बंद.

सिस्टर प्रिन्सिपल म्हणाल्या, "बारा डिसेंबरला तोंडी परीक्षा. पाच वाक्यं हिंदीत बोलली तर नाताळनंतर पहिलीत. नाहीतर पुन्हा बालवर्ग." सात वर्षांची पोर. तिची आजी दाराशीच कुडुखमध्ये सांगून गेली — "मिस, या खेपेला वर चढली तर ठीक. नाही चढली तर शेळ्या राखेल. शेळ्यांना हिंदी लागत नाही."

१८ नोव्हेंबर

फळ्यावरची वाक्यं म्हणवून घेणं बंद केलं. कोपऱ्यात बाजार मांडला. साखूच्या, म्हणजे सालाच्या, पानांचे द्रोण, चिंचोके, मातीचे बटाटे. मुलं थोडी बोलली. "हा कुजका आहे." "मग नको घेऊ, जा." फुलकेरिया माल राखत बसली. गिऱ्हाईक आलं की मान हलवायची, बस्स.

रांचीच्या बोर्डिंगातल्या सिस्टर गोदलीव्ह आठवल्या. पन्नास वर्षं होत आली. मीही अशीच मुकी होते. त्या पत्र्याच्या कपांत खोटा चहा मांडायच्या, मग स्वतःच पाहुण्या होऊन दार ठोठावायच्या, आणि मी "या, बसा" म्हणेपर्यंत बाहेर थंडीत उभ्या राहायच्या. एकदा प्रार्थनेची घंटा झाली तरी हलल्या नाहीत. माझं पहिलं वाक्य त्यांची दया येऊनच निघालं असेल.

२४ नोव्हेंबर

पत्र्याचे कप मिळाले, आठवडी बाजारात. मांडले. बाहेर जाऊन दार ठोठावलं.

"या, बसा" कुणी म्हणेना. मुलींचा वेगळाच खेळ सुरू झाला होता — दिल्ली-दिल्ली. गावात निम्म्या घरांतल्या बहिणी, मावश्या तिकडे घरकामाला. नाताळला येतात, गोष्टी सांगतात, पोरी त्या खेळतात. निर्मला मॅडम होऊन बाकावर आडवी झाली. आणि फुलकेरिया उठली. कुणाची तरी ओढणी कमरेला खोचली, दोन्ही हातांनी कप धरला आणि चक्क हिंदीत — "मॅडम, चहा."

मी दाराबाहेरच थांबले. डोळे पुसून मग आत गेले.

२ डिसेंबर

रोज दिल्ली-दिल्ली. "मॅडम, बाळ झोपलं." "मॅडम, भांडी झाली, आता काय करू?" अख्खी वाक्यं! निर्मला खेकसते, "इतका वेळ? झोपली होतीस काय?" ही हसू दाबून म्हणते, "नाही मॅडम, गॅस संपला." वर्ग हसून लोळतो. मी आणखी प्रसंग पुरवते — दूध उतू गेलं, दारावर पाहुणे आले.

सिस्टरना आवडलं नाही. "दुसरा खेळ नाही का?" मी म्हटलं, आधी तोंड तर उघडू दे, सिस्टर. मनात मलाही सलत होतंच. म्हणून काल फुलकेरियाला मॅडम केलं. बाकावर बसली आणि पुन्हा मिटली. आज परत चहावर आणली. दहाच दिवस उरलेत.

९ डिसेंबर

धानकापणी संपली. सगळी मुलं हजर. सराव.

१२ डिसेंबर

पास. सिस्टरनी विचारलं, "घरी काय काय करतेस?" पाच नाही, अकरा वाक्यं बोलली. घरात शेणाची जमीन, आणि ही सांगतेय फरशी कशी पुसायची, कोपऱ्यात फडकं कसं घालायचं. सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. सही केली.

आजीला बोलावून ऐकवलं. तिला हिंदी कळत नाही. पदर तोंडाशी धरून सगळं ऐकून घेतलं.

२३ डिसेंबर

नाताळच्या देखाव्यातल्या गव्हाणीला पेंढा लावत होते. फुलकेरियाची काकी सलोमी चर्चमध्ये आली. परवाच दिल्लीहून परतलीय, वाळून गेलीय. "काय गं, काय शिकवलं मिसने?" तिने पोरीला विचारलं. फुलकेरियाने तिथेच सगळा खेळ करून दाखवला, गॅससकट. मी अभिमानाने बघत होते, खोटं कशाला लिहू.

सलोमी हसली नाही. "मिस, आम्हाला हे यायला तिथे वर्षभर बोलणी खावी लागतात. तुम्ही इथेच करून दिलंत."

कौतुक होतं की टोमणा, कळलं नाही. मी थँक्यू म्हणाले.

५ जानेवारी

शाळा उघडली. पहिलीच्या हजेरीत फुलकेरियाचं नाव आहे, ती नाही. दुपारी आजी आली, तांदूळ-गुळाच्या तळलेल्या अरशांची टोपली घेऊन. पोर सलोमीबरोबर दिल्लीला गेली. सलोमीच्या मॅडमच्या बहिणीला बाळ सांभाळायला लहान मुलगी हवी होती. "मागच्या नाताळलाही विचारलं होतं त्यांनी. तेव्हा सलोमी म्हणाली, ही तोंडच उघडत नाही, कोण ठेवून घेईल. आता बोलते. उपकार झाले, मिस."

टोपली माझ्या हातात दिली. मी घेतली.