नऊऐवजी बारा

२८ जानेवारी, मंगळवार
कागेयामाआजी न्हाणीघरात पडल्या. सकाळी सहाला. चौऱ्याऐंशीच्या, डोंगरातल्या वस्तीत एकट्या राहतात. नऊपर्यंत नळ उघडला नाही तर हिरोशिमातल्या मुलाला फोन जायला हवा — आमचा प्रोग्राम त्यासाठीच तर आहे! फोन गेला बाराला. खुबा मोडलाय. अंग गारठलेलं. शुद्ध नाही.

२९ जानेवारी
मुलगा ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "तीन तास जास्त ती फरशीवर होती." ओरडला असता तर बरं झालं असतं.

मूळ प्रोग्राम दुसऱ्या कंपनीचा. त्यांच्या फाइलला हात लावायची सोय नाही. त्यांचा क्लास, म्हणजे कोडमधला साचा, घेऊन त्याचा वारस काढूनही उपयोग नाही — प्रत्येक घराची नोंद त्यांचाच कोड बनवतो, त्यांच्याच क्लासवरून. म्हणून डिसेंबरात मी रुबी या कोडिंगच्या भाषेतली जुनी पळवाट धरली. प्रोग्राम सुरू होताना बाहेरूनच तो क्लास उघडायचा आणि किती वाजेपर्यंत थांबायचं ते ठरवणारी मेथड, म्हणजे कोडचा तुकडा, आपल्या मेथडने बदलायची. अदाची नावाचे एक आजोबा उशिरा उठतात, त्यांना बारा. बाकी तीनशे घरांना नऊच. असंच लिहिलं होतं. लिहिलं होतं ना?

३० जानेवारी
पाचव्यांदा वाचलं. बरोबर आहे. डोळे चुरचुरतात.

३१ जानेवारी
सापडलं! प्रोग्राम सुरू होताना माझ्या फाइलनंतर आणखी एक फाइल चढते. तीही तोच क्लास उघडते, तीच मेथड बदलते — सरसकट सगळ्यांना बारा. जो शेवटी येतो त्याचंच चालतं. ना इशारा, ना कुरकुर.

कोणी लिहिली ते बघणार, तर नागामीसान मागे उभे. "शोधत बसू नका मितोया. माझीच आहे ती."

निवृत्तीला दोन महिने राहिलेत. मला रुबी शिकवली ती यांनीच! तोंडातून निघून गेलं — "दुसऱ्याचा क्लास उघडलात तर आठवणीने बंद करा, असं तुम्हीच सांगायचात ना?"
"हो. सांगायचो."
आणि चहा करायला गेले.

२ फेब्रुवारी, रविवार
दवाखान्यात नागामीसान मुलासमोर कमरेत वाकले. किती वेळ! मुलगा भिंतीकडे बघत होता. मी शेजारी उभी, मानही पुरती झुकवली नाही. माझा काय संबंध?

परतताना ते म्हणाले, "सोबा नूडल्स खाऊ या का? सकाळपासून तुमच्या पोटात काही नाही."
मी खिडकीबाहेर बघत बसले. तळ्यावर बर्फ भुरभुरत होतं. मला झोप हवी आहे, बाकी काही नको.

४ फेब्रुवारी
आजी शुद्धीवर! पहिलं वाक्य — "हीटर बंद केलात का रे?"
ऑफिसात सगळे हसले. नागामीसान तोंड धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

६ फेब्रुवारी
आज ती फाइल काढून टाकायला बसले. आधी तिचा इतिहास उघडला — कोणी, कधी, का लिहिली.

१९ जानेवारी. पाइप गोठलेला रविवार. चाळीस घरांतून नळ न उघडल्याच्या खोट्या हाका, आणि मला एकोणचाळीस सेल्सिअस ताप. शेरा: "आजपुरतं." नाव: मितोया.

मला काही म्हणता काही आठवत नाही. नागामीसाननी हे नाव माझ्याआधी वाचलं होतं.

आजींच्या मुलाला फोन केला. म्हटलं, "ते नागामीसाननी केलेलं नाही."