उखळी ठासायची दांडी

खानापूर, ता. ८ मार्च १९७९

तीर्थरूप आप्पांस, देवाप्पाचा मनापासून जयभीम.

मी बरा हाय. खोकला गेला. आईचा गुडघा कसा हाय?

धाकट्या सिद्रामचं पत्र आलं. यंदा देवीच्या जत्रेत दारू ठासून उखळीचा बार त्यानं काढावा, म्हणून गावची मंडळी घरी येऊन गेली म्हणं. त्याला पाठवू नका.

इथं खाणीत मला आता सुरुंग भरायच्या कामाला घेतलंय. पहिल्याच दिवशी मिस्त्रीनं माझ्या हातातली पहार काढून घेतली आणि लाकडाची दांडी दिली. म्हणाला, "दारू लाकडानंच ठासायची रं. लोखंड घासलं की ठिणगी पडती, आन् माणूस जातंय." 

आप्पा, बारा वर्षं झाली, तुम्ही तो थोटा हात घोंगड्यात झाकताय. आपण बौद्ध झालो, देवी सोडली म्हणून तिनं हात नेला, असं गाव म्हणालं आणि तुम्हीबी ते खरं मानलं. देवीनं काय केलं न्हाय. उखळी लोखंडाची, आणि पहारबी लोखंडाची.

त्या जत्रेत उखळी ठासताना तुमची लाकडाची दांडी मोडलती. "काय गावंल ते आण," म्हणालात. मी वीस वर्षांचा घोडा, पळत घरी गेलो आणि दारामागची पहार आणून तुमच्या हातात दिली.

ती पहार अजून दारामागंच हाय का?

हात देवीनं न्हाय, मी नेला. आता तो झाकू नका.

तुमचा,
देवाप्पा