‘तिसरी भट्टी’तून गायब झालेली चार मिनिटे आणि माझी बाकीची मालमत्ता

मी, लेओकाद्या स्मोल्का, वय चौसष्ट, अविवाहित, व्यवसायाने चित्रपट-संकलक (आता निवृत्त), राहणार वुच, पोलंड, सूतगिरणीमागची वसाहत, चौथा मजला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्वयंपाकघरात, भर दिवसा आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. जबरदस्ती करू पाहणाऱ्यांची मी आयुष्यभर काटछाट करत आले आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, “काळजी करण्यासारखं काही नाही.” हेच वाक्य मी आमच्या स्टुडिओत प्रत्येक दिग्दर्शकाच्या तोंडून ऐकले आहे आणि त्यानंतर दर वेळी काही ना काही कोसळले आहे. म्हणून हा कागद.

स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्या कायद्याने साक्षीदार लागत नाहीत. तरी मी दोन घेणार आहे. दोन सह्या नसलेला कागद खरा असतो, यावर माझा या जन्मी विश्वास बसणार नाही.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व बाल्कनी, माझी भाची ल्युदमिला हिला मिळावे. अट एकच. स्वयंपाकघराची भिंत पाडून तिने तिथे ते हल्लीचे अमेरिकन पद्धतीचे काही करू नये. कोबी शिजतो तेव्हा भिंत लागते. हे तिला आज पटणार नाही, पाहुणे आले की पटेल.

कलम २. काचेचा राजहंस माझा चुलतभाऊ झेनोन यास परत द्यावा. माझ्या नामदिनाला, म्हणजे माझ्या नावाच्या संताच्या दिवशी, त्यानेच तो दिला होता. गेली अठ्ठावीस वर्षे दर नाताळात, सगळे जेवायला बसले की, हा गृहस्थ विचारतो, “लोद्या, ते तुझं कापणं-जोडणं म्हणजे शिंपीकामासारखंच ना?” राजहंसाची मान मी दोनदा चिकटवलेली आहे. ते मात्र शिंपीकामासारखेच होते, असे त्याला कळवावे.

कलम ३. फिल्म जोडायचे यंत्र व तीन कात्र्या चित्रपटविद्यालयाला. तिथली मुले आता संगणकावर कापतात, कापलेले पुन्हा जोडतात, पुन्हा कापतात. कात्री त्यांच्या हातात द्यावी आणि सांगावे की एकदा कापले की ते कापले. घाम फुटू द्यावा.

कलम ४. बँकेतली शिल्लक माझ्या थडग्याच्या दगडासाठी वापरावी. गेल्या वर्षी सरकारने नोटांवरची चार शून्ये उडवली, तोवर मीसुद्धा कोट्यधीश होते. माझी तक्रार नाही, काटछाट चांगली झाली. दगडावर नाव आणि दोन तारखा एवढेच असावे. देवदूत नको.

कलम ५. अंत्यविधी. पाद्रीबाबांचे प्रवचन सात मिनिटांपुढे गेले तर शेजारच्या होर्तेन्स्याबाईंनी खोकायला सुरुवात करावी. ऑर्गन वाजवणाऱ्याने शेवटचा सूर ओढू नये. आणि कोणत्याही परिस्थितीत माझ्या अंत्ययात्रेची मांडणी एखाद्या दिग्दर्शकाकडे देऊ नये. हे लोक धुके मागवतील, पाने गळालेली झाडे शोधतील, आणि शवपेटी तिसऱ्या प्रयत्नात नीट उचलली गेली म्हणून टाळ्या पिटतील.

कलम ६. गावाबाहेरचा मळ्याचा तुकडा, त्यावरील लाकडी खोपटे व आंबट चेरीची दोन झाडे दिग्दर्शक क्लेमेन्स विल्कोश यांना मिळावीत. त्यांना झाडांतले ओ की ठो कळत नाही. पण दर रविवारी ते माझ्याकडे सूप प्यायला येतात, आणि मी गेल्यावर रविवारी या माणसाने कुठेतरी जायला हवे.

कलम ७. आता खरे काय ते लिहिते. बाकीची कलमे मी हात मोकळा व्हावा म्हणून लिहिली.

तळघरातल्या माझ्या कोठडीत, आंबवलेल्या कोबीच्या पिंपामागे, पत्र्याचा एक गोल डबा आहे. त्यावर ‘बटणे’ असे लिहिले आहे. त्यात बटणे नाहीत. त्यात ‘तिसरी भट्टी’ या चित्रपटातली ती चार मिनिटे आहेत.

‘ती’ म्हणजे कोणती, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण हा कागद वकील वाचणार, म्हणून सांगते.

सन १९७४. क्लेमेन्सने वीटभट्टीवर चित्रपट काढला. तेव्हा प्रत्येक चित्रपट आधी परीक्षण समितीसमोर जायचा आणि समिती काहीतरी कापायला सांगायचीच, नाहीतर त्यांना घरी गेल्यावर जेवण गेले नसते. म्हणून प्रत्येक दिग्दर्शक मुद्दाम एक आमिष घालायचा. कोणी झिंगलेला हवालदार, कोणी कपडे न घातलेले बँडपथक. समितीने त्यावर झडप घालावी, तेवढे कापावे, आणि बाकीचा चित्रपट सुखरूप घरी यावा. क्लेमेन्सने बकरी घातली होती. उत्पादन वाढवण्याच्या घोषणेचा लांबलचक कागदी फलक ही बकरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खाते, मग जिना चढते आणि व्यवस्थापकाच्या खुर्चीत जाऊन बसते. सहा मिनिटे! मला ती बकरी पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होती. एका शॉटमध्ये गळ्यात घंटा आहे, पुढच्यात नाही, त्याच्या पुढच्यात पुन्हा आहे. पण क्लेमेन्स म्हणाला, “अगं, तू कशाला कात्री झिजवतेस? ते आमिष आहे. समितीच उडवेल.” म्हणून मी हात लावला नाही.

त्याचा जीव म्हणे दुसऱ्याच प्रसंगावर होता. त्यात मुकादम वालेंती भिंतीकडे बघत एक बटाटा सोलतो. चार मिनिटे. संवाद नाही, संगीत नाही. वर सगळे चित्र हिरवट.

“यात सगळं आहे, लोद्या,” क्लेमेन्स म्हणायचा.

“यात बटाटा आहे,” मी म्हणायचे.

समितीच्या दिवशी क्लेमेन्सला गालगुंड झाले. एकोणचाळिसाव्या वर्षी! रिळे घेऊन मी एकटी गेले. अध्यक्ष कॉम्रेड कोपित्को बटाट्याच्या वेळी चक्क घोरत होते. बकरी आली तसे जागे झाले आणि मग इतके हसले, इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसू लागले. “आमची बूबा अगदी अशीच होती हो! माझी टोपी खाल्ली होती तिने. मंजूर! एक फ्रेमसुद्धा कापायची नाही.”

हे वाक्य मी पुन्हा लिहिते, कारण बावीस वर्षांत ते मी कोणालाही सांगितलेले नाही. एक फ्रेमसुद्धा कापायची नाही.

ट्राममध्ये रिळे मांडीवर घेऊन बसले होते. मनात आले, समिती कापणार नसेल तर हा बटाटा आता जन्मभर तिथेच बसणार. मी घरी न जाता स्टुडिओत गेले आणि ती चार मिनिटे काढून टाकली. अडखळणारा चित्रपट लगेच सुरळीत चालू लागला. मग क्लेमेन्सच्या घरी जाऊन, तोंड पाडून म्हणाले, “त्यांनी बकरी ठेवली. बटाटा कापला.”  तो भिंतीकडे तोंड करून पडला आणि त्याचे खांदे हलू लागले. हुंदके देणाऱ्या माणसाला खरे कसे सांगणार? म्हटले, बरा झाला की सांगू.

तो बरा झाला तोवर एका वर्तमानपत्राने समितीने बटाटा कापल्याची कुजबुज छापली होती. मग परदेशातून बक्षीस आले. मग एका प्राध्यापकाने, न पाहिलेल्या बटाट्यावर, दोनशे पानांचे पुस्तक लिहिले. आता ‘तिसरी भट्टी’ जिथे दाखवतात तिथे त्या जागी चार मिनिटे काळोख करतात आणि सगळे प्रेक्षागृह उभे राहते. मीही उभी राहिले आहे, सात वेळा. माझे गुडघे दुखतात आणि आतून मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

पुढच्या वसंतात, कँटीनमध्ये, क्लेमेन्सने मला लग्नाचे विचारले. मी म्हणाले, आईचे कोण करील? आई गेल्यावर त्याने पुन्हा विचारले. मी म्हणाले, घर लहान आहे. घर लहान नव्हते. त्या घराखाली, चार मजले खाली, तो डबा होता. ज्याचे काळीज मी कात्रीने काढले त्याच्याच हातात हात देऊन नोंदणी कचेरीत उभी राहू? माझ्याच्याने ते झाले नाही. त्यानेही कोणाशी केले नाही.

तर मी गेल्यावर हा डबा क्लेमेन्स विल्कोश यास द्यावा आणि हे कलम त्याला वाचून दाखवावे. मेलेल्या बाईच्या तोंडावर कोणी दार आपटत नाही, एवढाच माझा धीर. पण आधी मला पुरावे आणि मग वाचावे. ऑपरेशनची मला भीती नाही. क्लेमेन्स माझ्या अंत्यविधीला येणार नाही याची आहे. मला तिथे दुसरे कोणी आले नाही तरी चालेल.

याप्रमाणे कलम ७ पुरे केले आणि दारावरची घंटा वाजली. क्लेमेन्सच होता, इस्पितळासाठी नव्या सपाता आणि प्लम उकळून केलेल्या गोड पाण्याची बरणी घेऊन. मी चहाचे पाणी ठेवायला वळले. दुसऱ्याचा लिहिलेला कागद समोर दिसला की या माणसाला वाचल्याशिवाय राहवत नाही, हे माझ्या लक्षातच राहिले नाही. वळून बघते तो साहेब कलम ७ वर!  पुढचे बोलणे जसेच्या तसे नोंदवत आहे, कारण त्याने या कागदाचे सगळेच बदलले.

“लोद्या, तू बटाटा फेकला नाहीस?”

“नाही.”

“बावीस वर्षं कोबीमागे?”

“हो. ओरड काय ओरडायचं ते. मग जा.”

तो स्टुलावर बसला आणि हसायला लागला. साधे नाही, पोट धरून.

“हसतोस काय मेल्या? इथे माझा जीव चाललाय!”

“अगं, बटाटा तुझ्यासाठीच होता!”

“म्हणजे?”

“आमिष गं! समितीला नव्हे, तुला. माझ्या प्रत्येक चित्रपटातली चार-पाच मिनिटं तू उडवायचीस. एकातही नाही चुकली तुझी कात्री. आणि माझा सगळा जीव होता बकरीवर, अन् तुझा तिच्यावर दात. म्हटलं, हिला सांगावं की बकरी समितीच कापेल, म्हणजे ही हात लावणार नाही. आणि कात्री शिवशिवली तर खायला बटाटा आहेच.”

“आणि समितीने खरंच बकरी कापली असती तर?”

“कोपित्को? तो गोठ्यात वाढलाय. सगळ्या मंत्रालयाला माहीत होतं. बकरी दिसली की विरघळायचा.”

“पण तू रडलास! भिंतीकडे तोंड करून!”

“हसत होतो! तू इतकं तोंड पाडून आलेली, आणि माझे दोन्ही गाल सुजलेले. गालगुंडात हसून बघ एकदा, डोळ्यांतून पाणी येतं की नाही. आणि बाई, एवढी मोठी संकलक तू, तुला साधं कळलं नाही? हिरवं का दिसतं ते? मुदत संपलेली फिल्म होती ती. माझ्या काळजाचा तुकडा मी मुदत संपलेल्या फिल्मवर घेईन?”

मी चहाचा गॅस बंद केला. “मग त्या मुलाखती? तो काळोख? माणसं उभी राहतात रे, क्लेमेन्स. म्हातारी माणसं!”

आता तो ओशाळला. “मला वाटलं आठवड्याभरात तू कबूल करशील. मग पेपरात आलं. मग ते बक्षीस. काय सांगणार होतो, बटाटा परत घ्या म्हणून? मग म्हटलं, लग्नाचं विचारतो, तेव्हा तरी बोलेल. तर तू आईचं कारण काढलंस. मला वाटलं, तुला मी आवडत नाही.”

“आणि मला वाटलं, हे पोटात ठेवून हो कसं म्हणू?”

  मी त्याला नवी सपात फेकून मारली, दुसरीही मारली, आणि मग मी रडले. खोटे कशाला लिहू? बावीस वर्षे! या मूर्खाने बटाट्यापायी आणि मी बावळट बाईने त्याच बटाट्यापायी बावीस वर्षांचे रविवार टेबलाच्या दोन बाजूंना बसून घालवले. मला इतका राग आलेला आहे की झडप बदलायच्या आधीच ती दुरुस्त झाल्यासारखी धडधडते आहे.

कलम ७ (सुधारलेले). वरील कलमातला डबा कोणाला द्यावा तो मजकूर रद्द. बाकी सगळे तसेच राहू द्यावे, ते खरे आहे. डबा कोबीमागेच असू द्यावा. आम्ही दोघेही गेल्यावर तो चित्रपट-संग्रहालयाला द्यावा. त्यांनी ती चार मिनिटे दिवे घालवून दाखवावीत, प्रेक्षकांनी बसून पाहावीत, झोप लागली तर झोपावे. प्राध्यापकांना पहिल्या रांगेत जागा द्यावी.

साक्षीसाठी होर्तेन्स्याबाईंना हाक मारली. सगळा कागद वाचून त्या म्हणाल्या, “मला काहीच नाही ठेवलं?” मी म्हणाले, “तुम्ही साक्षीदार, तुम्हाला ठेवता येत नाही.” “मग मला साक्षीदार कशाला केलंत?” त्या अजून रुसलेल्या आहेत, पण सही केली आहे. दुसरे साक्षीदार गॅसचा मीटर वाचायला आले होते. क्लेमेन्सने त्यांना बसवून घेतले आणि पेन कसे धरायचे तेही दाखवू लागला. त्याला स्वयंपाकघराबाहेर काढले आहे.

बाहेर जाताना तो दारात थांबला आणि म्हणाला, “लोद्या, तिसऱ्यांदा विचारतोय. आता आई नाही, घर मोठं आहे आणि डबा मला माहीत आहे. काढ बघू चौथं कारण.” मी बराच वेळ विचार केला. सापडले नाही.

कलम ८ व शेवटचे. गुरुवारच्या ऑपरेशनमधून मी उठले नाही, तर वर लिहिल्याप्रमाणे सर्व व्हावे, आणि क्लेमेन्सने शवपेटीच्या पाठोपाठ पहिल्या जागी चालावे. मी उठले, तर मात्र हा कागद फाडून टाकावा. तो लेओकाद्या स्मोल्का नावाच्या एका अविवाहित बाईचा आहे, आणि अशी कोणी बाई तेव्हा या घरात राहत नसेल.

साक्षीदार:
१. होर्तेन्स्या बोंक, शेजारी, चौथा मजला (सही)
२. वितोल्द पेंझेल, गॅस कार्यालय (सही)

लेओकाद्या स्मोल्का (सही)
वुच, मंगळवार, दिनांक १५ ऑक्टोबर १९९६