कावळा शिवला तेव्हा तुम्ही काय म्हणालात?

सुभाषच्या आजोबांस नमस्कार,

काल सुभाषचं कार्ड आलं. पोरगा प्रोग्रॅमर झाला! वाचून मी घरात एकटीच हसले. मग वाटलं, ज्याला सांगायचं तो माणूसच नाही. म्हणून लिहिते. अक्षर वाकडंतिकडं आहे, चालवून घ्या.

प्रोग्रॅमर म्हणजे काय, तर कॉम्प्युटर नावाच्या मशीनला काम नेमून देणारा. मुकादमच म्हणा. आधी तो नुसती त्या मशीनच्या कार्डांना भोकं पाडायचा, मग शिकाऊ झाला, आता हे. पगार दीडपट. पुढे आणखी वरची जागा आहे म्हणतो, पण सारखं नवं शिकावं लागतं. नाही शिकला तर मागून आलेलं पोर पुढे जातं.

दत्तू आणि सून गेल्यावर आपण दोघांनी ह्याला वाढवला. पहिल्यांदा पुण्याला निघाला तेव्हा त्याची ट्रंक डोक्यावर घेऊन तुम्ही पाथर्डीच्या स्टँडपर्यंत चालत गेलात. तोंडातून शब्द नाही. ती परवानगी होती की नुसतं ओझं वाहणं? एकदा बोलला असतात तर काय बिघडलं असतं?

तुमचा दहावा आठवतो. दुष्काळाने ओढा कोरडा पडलेला. पिंड ठेवला, कावळा बाभळीवर बसून राहिला. कुणी म्हणालं, म्हातारीला सांभाळू. कावळा हलला नाही. कुणी म्हणालं, गाय विकणार नाही. तरी नाही. मग धाकटे भावजी हात जोडून म्हणाले, "दादा, सुभाष आता गावातच ऱ्हाईल. साखर कारखान्यात चिकटवतो त्याला." आणि तो मेला कावळा खाली उतरला!

झालं. सगळ्यांनी नमस्कार केला. सुभाषचं मुंडलेलं डोकं खाली गेलं ते वर आलंच नाही. पुण्याच्या हापिसातून निरोप होता, सोमवारी हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला. रविवारी पोरगा भिंतीला टेकून बसलेला. मी भाकरी बांधली.

"आजी, आजोबांचा शब्द मोडायचा?"

"त्यांनी कुठं काढला शब्द? कावळ्याला भूक लागली हुती, त्यानं खाल्लं. तू जा."

तो गेला. मला मात्र त्या दिवसापासून झोप नाही. आडावर माझी घागर आली की बाया बाजूला सरतात. माघात गुरांच्या छावणीत गाय मेली. भावजी दारात येऊन म्हणाले, "आता तरी उमगलं का, वयनी?" मग सुभाष तापाने आजारी असल्याचं कळलं. तेव्हा मी देवापुढे नाही, तुमच्या फोटोपुढे डोकं आपटलं. म्हटलं, राग असेल तर मला न्या. तुम्ही तिथंही गप्पच.

काल गूळ घेऊन भावजींकडे गेले. वाटी त्यांनी उंबऱ्यावरच ठेवायला लावली. मी वळले तर मागून म्हणाले, "पगार किती वाढला?" सांगितलं. "कारखान्यात एवढा व्हायला पंधरा वरसं जात्यात," म्हणाले. गूळ मात्र उंबऱ्यावरच राहिला. मुंग्या लागल्या असतील.

मी आनंदात आहे, खरंच आहे. पण आत काहीतरी टोचतं. खरंच तुम्हाला तो गावात हवा होता का? म्हातारपणी एकटं राहायची भीती तुमची होती, की भावजींची, की माझी?

पुढच्या महिन्यात तुमचं वर्षश्राद्ध. सुभाष रजा काढून येतोय. कौलावर घास मीच ठेवीन. कावळा आला नाही तर दिवस मावळेपर्यंत उपाशी बसेन, पण ह्या वेळी पोराच्या नावाने कुणाला काही कबूल करू देणार नाही. मोडलं असेल तर ते मी मोडलंय. मी तिथं आले की समोर बसवून विचारा. तुम्ही बोला, मी गप्प राहीन. एवढा शब्द माझा, माझ्या नावाने.

तुमचीच,
सुभाषची आजी