पुढच्या बाकाकडे नेलेली दोरी

ऊर्जानगर,
दि. २ फेब्रुवारी २०२५

प्रिय मुखरू यास,
सप्रेम नमस्कार.

मी येथे साधनेच्या घरी सुखरूप आहे. गिरजेचा खोकला उतरला आहे. सकाळी खिडकीच्या गजांवर वीजकेंद्राच्या राखेचा पातळ थर बसलेला असतो. जावई म्हणतात, सवय होईल. माझे अक्षर वाकडे आले आहे. दोष या पेनाचा समजावा.

आता मुख्य विषय. गेल्या मंगळवारी गरम कपडे नेण्याच्या निमित्ताने मी सिंदेवाहीस आलो होतो. तू मासळी घेऊन बाजारास गेला होतास. मी थेट तलावाच्या पाळीवर गेलो आणि आपली होडी पाहिली.

शिडाची दोरी तू बदललीस.

ती होडी बांधण्यास आपल्याला तीन वर्षे लागली. शिडाच्या आडव्या बांबूच्या टोकापासून मागच्या बाकापर्यंत दोरी कशी यावी, यासाठी मी अकरा आकृत्या काढल्या होत्या. तू ती टोकावरून सोडवून बांबूच्या मध्यावर आणलीस, खाली तळफळीला कप्पी ठोकलीस आणि मोकळे टोक पुढच्या बाकाकडे, म्हणजे स्वतःकडे, नेलेस. मागच्या बाकावर, माझ्यासाठी, केवळ सुकाणू उरले. ज्याच्या हाती दोरी नाही तो होडी चालवत नाही. तो होडीत बसलेला असतो.

तुझी कमला शेजारीच जाळे वाळवत होती. मी विचारले, "हे कोणी केले?"

"त्यायनंच केलं, गुरुजी. मले म्हने, गुरुजीले आत्ताच नोको सांगू, रागावतीन."

"आणि कारण?"

"आता तुमचे बोटं मिटत नाई ना. साधनाबाईले फोन तं त्यायनंच केला होता."

मुखरू, बोटांची गोष्ट मी माझ्या बायकोला, गिरजेलाही सांगितली नव्हती. ती तुला ठाऊक होती, कारण पुढच्या बाकावरून माझे हात दिसतात. तू ती माझ्या मुलीला सांगितलीस आणि दुसऱ्याच दिवशी ती मला नेण्यास आली. मला न विचारता फोन, मला न विचारता दोरी. याला मी विश्वासघात म्हणतो. शब्द तोलून वापरला आहे.

येथे परतल्यावर मी साधनेला जाब विचारला. ती म्हणाली, "बाबा, मुखरूकाकानं बोटांचं सांगतलं ते बरं केलं. पण दोरीले गाठ त्यानंच मारली होती, अन् तुम्ही दोघंही बुडत होते. त्या माणसासंगं तुम्ही पुन्हा होडीत बसायचं नाई."

त्यानंतर चार दिवस मी खोलीत एकटाच जेवलो. गिरजा समजली की राग तुझ्यावर आहे.

आपल्या होडीच्या मागच्या बाकावर एक ओळ रंगवलेली आहे: "दोरी हातात धरावी, बांधू नये." रंगाऱ्याने दोन चुका केल्या होत्या, त्या मी स्वतः ब्रशने सुधारल्या. बांधलेली दोरी वाऱ्याच्या झोतात सैल सोडता येत नाही आणि होडी कलंडते, हे मी तुला खडूने आकृती काढून शिकवले होते.

डिसेंबरातील त्या रविवारी तू शिंगाड्याच्या वेलांकडे पाहत होतास. माझ्या उजव्या हातातून दोरी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा मी ती बाकाखालच्या खुंटीला दोन वेढे देऊन बांधली. वारा मेंढ्याच्या टेकडीकडून आला. तू शिडाखाली सापडलास आणि वर आलास तेव्हा तुझ्या कपाळातून रक्त वाहत होते.

पाळीवर लोकांनी विचारले, गाठ कोणी मारली. तू माझ्याकडे पाहिलेस आणि म्हणालास, "माह्यानंच झालं, बाप्पा." दुसऱ्या दिवशी साधना आल्यावर तिने दहा माणसांत तुला बोल लावले. तू पायांकडे पाहत उभा राहिलास. मी तिच्या शेजारी उभा होतो, कोरडी शाल पांघरून.

पेनात दोष नाही. हे पत्र मी डाव्या हाताने लिहीत आहे. तीन दिवस लागले.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. मला विचारायला हवे होते. शिवाय तू ठोकलेली कप्पी चार बोटे मागे आहे. बाकाच्या कडेला दोरी घासून महिन्यात तुटेल. ती पुढे सरकव. दोरी मात्र पुढच्याच बाकाकडे राहू दे.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. पाकीट न चिकटवता साधनेच्या हाती देत आहे. तिने ते आधी वाचावे आणि मग स्वतः तुझ्या घरी आणून द्यावे, असे मी तिला सांगणार आहे. ती कशी येते, एकटी की मला घेऊन, ते तिच्यावर आहे.

गाठ मारणारा,
मनसाराम